जिलेबीची पोथी आणि चान्यांची आठवण

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले की त्यातल्या पदार्थांचे वय कोणी विचारत नाही. परशुराम कृष्ण गोडे यांना मात्र अशा प्रश्नांचा नाद होता. १९४५ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या नियतकालिकात त्यांचा दिवाळीच्या इतिहासावरचा निबंध छापून आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून १९४५ पर्यंत या सणाचे उल्लेख कोठे कोठे सापडतात, ते त्यांनी त्यात कालक्रमाने मांडले होते. त्याआधी दोन वर्षे, १९४३ मध्ये, त्यांनी जिलेबीचा इतिहास लिहिला होता. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना एक विद्वान जिलेबीचे वय काढत बसला होता, याचे आज हसू येईल. पण भारतीय खाद्यसंस्कृतीच्या इतिहासाला शिस्त लावण्याचे काम ज्या थोड्या लोकांनी केले, त्यांत गोड्यांचे नाव फार वरचे आहे.

त्यांची पद्धत काय होती, ती मराठवाड्याच्या स्वयंपाकघराला लावली तर काय हाती लागते आणि कोठे ती अपुरी पडते, हे या लेखात पाहायचे आहे.

हस्तलिखितांच्या दालनातला इतिहासकार

गोड्यांचा जन्म १८९१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखचा. भांडारकर संस्था १९१७ साली स्थापन झाली आणि डेक्कन कॉलेजात असलेला सरकारी हस्तलिखितांचा संग्रह तिच्याकडे आला. १९१९ पासून गोडे संस्थेचे क्युरेटर होते, ते १९६१ साली मृत्यू येईपर्यंत. पोथ्या सांभाळणे, त्यांच्या याद्या करणे, बाहेरगावच्या अभ्यासकांनी मागितलेली पोथी शोधून देणे, असे हे काम. विद्यापीठातल्या प्राध्यापकासारखे व्यासपीठ त्यात नव्हते. पण हजारो पोथ्या हाताखालून गेल्याने त्यांना एक गोष्ट कळली होती. एखाद्या वैद्यकाच्या ग्रंथात, जैन कथेत किंवा धर्मशास्त्राच्या निबंधात जाता जाता आलेला एका पदार्थाचा उल्लेख हाही इतिहासाचा पुरावा असतो. फक्त त्या पोथीचा काळ ठरवता आला पाहिजे.

काळ ठरवण्याची त्यांची रीत सोपी आणि कडक होती. पोथीच्या शेवटी नक्कल करणाऱ्याने तिथी लिहिलेली असेल, तर मूळ ग्रंथ त्या तिथीच्या आधीचा असणार, ही झाली खालची मर्यादा. ग्रंथकाराने ज्या जुन्या ग्रंथांचे आधार दिले असतील, त्यांतला सर्वांत अलीकडचा ग्रंथ ही वरची मर्यादा. या दोन मर्यादांच्या मध्ये ग्रंथाचा काळ बसवायचा. हाती आलेल्या पुराव्याच्या पुढे एक पाऊलही टाकायचे नाही. हरभरा घोड्यांना कधीपासून घालतात, तांबूल कधीपासून, शोभेची दारू कधीपासून, असे विषय त्यांनी याच रीतीने हाताळले. १९५३ पासून निघालेले भारतीय वाङ्मयेतिहासाचे आणि नंतरचे सांस्कृतिक इतिहासाचे खंड हे अशा शेकडो छोट्या निबंधांचे संग्रह आहेत.

जिलेबीचा माग

जिलेबीचे उदाहरण घेतले की ही रीत स्पष्ट होते. 'जिलेबी' हा शब्द अरबी 'जलाबिया' या शब्दाशी जोडला जातो. शब्द परका, म्हणून पदार्थही परका आणि फार तर मोगलांबरोबर आलेला, असा समज सहज होतो. गोड्यांनी समजावर न थांबता उल्लेख शोधले. जिनसूर या जैन लेखकाच्या 'प्रियंकरनृपकथा' या सुमारे १४५० च्या ग्रंथात, एका धनिकाच्या घरच्या जेवणात जिलेबी आहे. म्हणजे बाबर दिल्लीला येण्याच्या पाऊणशे वर्षे आधी ती इकडच्या पंगतीत होती.

पुढचा पुरावा अधिक महत्त्वाचा. इसवी सन १६०० पूर्वीच्या 'गुण्यगुणबोधिनी' या संस्कृत ग्रंथात जिलेबीचे साहित्य आणि कृती दिलेली आहे आणि ती आजच्या कृतीशी जुळते. त्यानंतर रघुनाथ गणेश नवहस्त ऊर्फ नवाथे यांचा 'भोजनकुतूहल'. तंजावरच्या मराठी राज्यात, व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने राहिलेल्या या ग्रंथकाराने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात अन्नावरचा हा मोठा ग्रंथ रचला. त्याचा काळ आणि चरित्र उजेडात आणण्याचे श्रेय बरेचसे गोड्यांचे आहे.

यातून शिकण्यासारखे काय? पदार्थाचे नाव, त्यातले साहित्य आणि कृती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव जुने असते पण पदार्थ बदललेला असतो. पदार्थ जुना असतो पण नाव नवे मिळालेले असते. तिन्ही जुळल्या तरच 'हा पदार्थ तेव्हा होता' असे म्हणता येते.

नान-खलियाला तोच प्रश्न

आता हीच कसोटी आपल्या शहराला लावू. छत्रपती संभाजीनगरची ओळख म्हणून नान-खलिया सांगितला जातो. मंद आचेवर मोठ्या डेगीत शिजणारा मांसाचा पातळ, तवंगाचा रस्सा आणि भट्टीतले पिवळसर, मऊ नान. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा सैन्यासाठी एकाच वेळी हजारोंना वाढता येईल असे हे जेवण तयार झाले, अशी कथा शहरात सर्वत्र ऐकू येते. कथा सुरेख आहे आणि अशक्यही नाही. पण गोड्यांनी पहिला प्रश्न विचारला असता: याचा सर्वांत जुना, तारीख ठरवता येणारा उल्लेख कोणता?

'कलिया' हा शब्द अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त, म्हणजे सुमारे १५९० च्या ग्रंथात, मांसाच्या पदार्थांत येतो. शाहजहानच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या फारसी पाककृतिग्रंथात नान आणि कलिया यांची स्वतंत्र प्रकरणेच आहेत. या शहराचा इतिहासही पाहू. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत, १६५३ पासून, तिचे औरंगाबाद झाले आणि मोगल छावणीचा मोठा गोतावळा येथे स्थिरावला. म्हणजे नान आणि कलिया ही जोडी या गावात येण्याची निदान एक वाट सतराव्या शतकातून जाते आणि तिला कागदाचा आधार आहे. तुघलकाच्या वाटेला आज लोककथेचा आधार आहे. कथा खोटी ठरवण्याचे कारण नाही, पण तिला पुरावा म्हणण्याचेही कारण नाही. एखाद्या अभ्यासकाने फारसी दफ्तरे, बाजाराची जकात, भटारखान्यांच्या मिळकतीचे कागद शोधले, तर हा प्रश्न पुढे सरकू शकेल. दरबाराच्या आसपासच्या अन्नाला असा कागद मिळण्याची शक्यता तरी असते.

पोथी कोणाच्या स्वयंपाकघराची?

खरी अडचण येथून सुरू होते. गोड्यांची रीत पोथीवर उभी आहे आणि पोथी ज्याच्या घरी, त्याचेच अन्न तिच्यात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' घ्या. उमरगा-निलंग्याच्या पलीकडचे बसवकल्याण ही त्याची राजधानी. सुमारे ११३० च्या या ग्रंथातला 'अन्नभोग' हा भाग मराठवाड्याच्या खाद्येतिहासाचा जवळजवळ पहिला दस्तऐवज म्हणता येईल. त्यात मांडे आहेत, वडे आहेत, दह्या-दुधाचे प्रकार आहेत. त्याचबरोबर जनावराचे रक्त आणि आतडी वापरून केलेले पदार्थही आहेत. राजाच्या ताटातले रक्त आणि आतडे संस्कृत श्लोकांत बसले. पुढे विसाव्या शतकात बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरीजमधून गो. के. श्रीगोंदेकरांच्या संपादनाने ते छापूनही निघाले आणि अभ्यासाचा विषय झाले.

तेच रक्त आणि तीच आतडी गावकुसाबाहेरच्या चुलीवर शिजली, तर त्यांना श्लोक मिळाला नाही. छापखाना आल्यानंतरही फार फरक पडला नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चे. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची. ही पुस्तके आपापल्या परीने थोर आहेत. 'रुचिरा'ने तर कित्येक नव्या संसारांना हात दिला. पण ज्या घरांत तूप-तेलाची वाटी भरलेली नसते, त्या घरांचा स्वयंपाक त्यांच्या कक्षेत येत नाही. उद्या केवळ या पुस्तकांवरून महाराष्ट्राच्या अन्नाचा इतिहास लिहिला, तर निम्म्याहून अधिक चुली त्यात पेटणारच नाहीत.

औरंगाबादेतून निघालेले एक पुस्तक

२०१५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतून, जनशक्ती वाचक चळवळीने, शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' प्रसिद्ध केले. पाटोळे मूळचे धाराशिव जिल्ह्यातले. केंद्र सरकारच्या माहिती सेवेत त्यांची नोकरी झाली. इतिहासाचे प्राध्यापक ते नव्हेत, पण त्यांनी केलेले काम इतिहासाचे आहे. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याच्या पद्धती, पदार्थ, त्यांची नावे, ते करण्याची रीत आणि त्यांच्या मागची समाजव्यवस्था त्यांनी नोंदवली. नावातच भांडण आहे. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या परंपरेत ज्यांच्या ताटाला जागा नव्हती, त्यांच्या बाजूने हे पुस्तक बोलते. भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावाने २०२४ मध्ये हार्परकॉलिन्सने काढला आणि पुस्तक देशभर पोचले.

या पुस्तकात चान्या आहेत, रक्ती आहे, वजडी आहे, फाशी आहे. त्यांतल्या चान्यांकडे गोड्यांच्या नजरेने पाहू. मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, साठवायच्या आणि पुढे निखाऱ्यावर भाजून किंवा पाण्यात मीठ-तिखट घालून शिजवून खायच्या. कृती एवढीच. पण तिच्यात संबंध व्यवस्था दडलेली आहे. गावात बैल किंवा गाय मेली की ती ओढून नेणे हे महारांच्या माथी मारलेले काम. त्या कामाचा मोबदला म्हणून मांस त्यांच्या वाट्याला. जनावर कधी मरेल याचा नेम नाही. मेले की एकदम पुष्कळ मांस, नाही तर महिनोन् महिने काही नाही. घरात तेल नाही, मसाला नाही, साठवायला भांडीही पुरेशी नाहीत. ऊन मात्र फुकट. म्हणून चान्या. तेलाची जागा चरबीने घेतली, तीही याच कारणाने. हा आवडीनिवडीचा इतिहास नाही, वाटणीचा इतिहास आहे.

पाटोळे यांच्या आधी, २००९ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' ही दलित अन्नस्मृतींची पुस्तिका काढली होती. त्याच्याही आधी दलित आत्मकथनांनी ही सामग्री कादंबरीच्या नव्हे, साक्षीच्या भाषेत मांडली होती. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ चे, बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ चे. सोनकांबळे तर याच शहरातल्या महाविद्यालयीन परंपरेतले. वाङ्मय म्हणून या पुस्तकांची चर्चा पुष्कळ झाली. अन्नाच्या इतिहासाचे साधन म्हणून ती अजून पुरेशी वाचली गेलेली नाहीत.

सोडलेल्या अन्नाचा इतिहास

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे तुकडे मागणे सोडा, असे आवाहन केले. गावोगावी लोकांनी ते पाळले, आणि त्याची किंमतही मोजली. मेलेली ढोरे ओढायला नकार देणाऱ्यांवर बहिष्कार पडले. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा उगम आणि गोमांसभक्षण यांचा संबंध इतिहासाच्या अंगाने तपासला. १९५० मध्ये औरंगाबादला त्यांनी महाविद्यालय सुरू केले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तेथे शिकलेल्या पहिल्या पिढीतल्या अनेकांच्या आईवडिलांनी हे अन्न जाणीवपूर्वक सोडलेले होते.

म्हणजे चान्या विसरल्या गेल्या, त्या काही काळाच्या ओघात नव्हे. त्या सोडल्या गेल्या. सोडणे हा स्वाभिमानाचा निर्णय होता. मग ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांच्या नातवंडांना 'तुमच्या आजीची पाककृती सांगा' म्हणून विचारणे, हे जुन्या जखमेवरची खपली काढणे होत नाही का? काहींचे मत तसे आहे आणि त्या मताचा मान राखला पाहिजे. दुसरीकडे, नोंद केली नाही तर दोन गोष्टी एकदमच पुसल्या जातात. लादलेले अन्न जाते आणि ते नाकारण्याचे धैर्यही जाते. आजीने काय सोडले हे माहीत नसेल, तर तिने काय मिळवले हे कसे कळणार?

म्हणून येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पदार्थाची नोंद करणे म्हणजे तो पुन्हा खा असे सांगणे नव्हे. महागड्या हॉटेलात 'विस्मृतीतली चव' म्हणून तो मांडणे तर नव्हेच. शिवाय त्या काळात जे खाल्ले गेले ते सगळे मेलेल्या जनावराचे नव्हते. रानभाज्या, ज्वारी-बाजरीची भाकरी, कण्या, सणाला कापलेल्या जनावराचा वाटा, हेही त्याच चुलीवरचे. सरसकट सगळ्यालाच लाज चिकटवली, तर सोडण्याजोगे काय होते आणि अभिमानाने सांगण्याजोगे काय होते, हा भेद उरत नाही. त्यातच २०१५ च्या मार्चमध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली. पाटोळे यांचे पुस्तक त्याच वर्षीचे. पुस्तकातल्या काही पदार्थांचे अस्तित्व त्यानंतर केवळ आठवणीतच उरले.

चीनच्या इतिहासकाराचा धडा

लेखी परंपरा प्रचंड असलेल्या देशांनाही हा पेच चुकलेला नाही. चीनच्या खाद्येतिहासावर के. सी. चांग यांनी १९७७ मध्ये संपादित केलेला ग्रंथ आजही पाया मानला जातो. त्याची मांडणी राजघराण्यांच्या क्रमाने आहे, कारण दरबार, कवी आणि अधिकारी यांनी लिहून ठेवलेले पुष्कळ होते. त्याआधी १९५५ मध्ये हो पिंग-ती या इतिहासकाराने मात्र वेगळा प्रश्न घेतला होता. रताळे, मका आणि भुईमूग ही अमेरिकेतली पिके चीनमध्ये कशी पसरली? ही डोंगरउतारावरच्या आणि वाळूच्या जमिनीवरच्या गरीब शेतकऱ्यांची पिके. थोरामोठ्यांच्या पाकग्रंथांत ती शोधून उपयोग नव्हता. हो यांनी जिल्ह्या-जिल्ह्यांची स्थानिक गॅझेटियरे धुंडाळली आणि कोणत्या प्रांतात कोणते पीक कधी नोंदले गेले, याचा नकाशा उभा केला.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. भाकरीबरोबरच्या ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणा ही दोन्ही अमेरिका खंडातली, म्हणजे पोर्तुगीज भारतात आल्यानंतरच इकडे पोचलेली. मग मराठवाड्याच्या गरिबाचे तिखट त्याआधी कोणते होते आणि मिरची त्याच्या चुलीपर्यंत कधी आली? याचे उत्तर राजांच्या ग्रंथात नसेल. ते निजामी राजवटीच्या महसुली कागदांत, १८८४ च्या औरंगाबाद जिल्ह्याच्या गॅझेटियरसारख्या नोंदींत आणि लोकांच्या तोंडी शोधावे लागेल.

आठवणीला तारीख कशी लावावी

तोंडी साक्ष ही भावनेची गोष्ट, पुराव्याची नव्हे, असा आक्षेप येतो. पण गोड्यांची शिस्त येथेही लावता येते. नक्कलकाराच्या तिथीची जागा ज्या घटना सर्वांना आठवतात त्या घेतात. सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन, १४ ऑक्टोबर १९५६ ची धर्मदीक्षा, १९७२ चा दुष्काळ. 'पूर्वी आम्ही हे खात होतो' हे वाक्य पुरावा नाही. 'धर्मदीक्षेनंतर आमच्या घरी हे बंद झाले, मामाच्या गावी दुष्काळापर्यंत चालू होते' हे वाक्य पुरावा आहे. त्याला वरची मर्यादा आहे, खालची आहे आणि गावही आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला दुष्काळातली सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो यांविषयी विचारा. चव, रंग, पोटात होणारी तगमग, कामावरची रांग, सगळे सांगतील. त्या एका वर्षाला धरून मागचे-पुढचे अन्न लावता येते.

प्रश्नही नेमके हवेत. मीठ कोठून यायचे? सरपण कोण आणायचे? भांडे मातीचे की जर्मनचे? आधी कोण जेवायचे आणि शेवटी कोणाला काय उरायचे? पदार्थाला घरात काय म्हणत आणि परक्यासमोर काय म्हणत? एकाच पदार्थाची हकीकत दोन वेगळ्या गावांत, एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन घरांत ऐकावी. जुळते ते लिहावे आणि जुळत नाही तेही लिहावे. सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी. नाव नको म्हटले तर नाव गाळावे. नाव, साहित्य आणि कृती या गोड्यांच्या तीन कसोट्यांना चौथी जोडावी: हे अन्न कोणी कोणाला, कोणत्या मोबदल्यात दिले.

मराठवाड्यात विद्यापीठ १९५८ पासून आहे. गावोगावी महाविद्यालये आहेत आणि त्यांत इतिहासाचे विभाग आहेत. एका जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांनी दोन सुट्ट्यांत आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांकडून एवढी नोंद केली, तरी जो संग्रह उभा राहील, त्याला तोड नसेल. धर्मदीक्षेच्या वेळी जी मुलगी १५ वर्षांची होती, ती आज ८० च्या पुढे आहे. दुष्काळात खडी फोडायला गेलेली २० वर्षांची सून आज सत्तरी ओलांडून बसली आहे. पोथी शंभर वर्षे कपाटात थांबू शकते. या बायांना मात्र येत्या सुट्टीतच विचारायला हवे.